डावखुरी होडीवाली

"दादा, मिशी!"

बारक्या ओरडला, पण तोवर उशीर झाला होता. बँकेच्या पहारेकऱ्याची अर्धी मिशी फेसासकट पांढऱ्या कापडावर पडली होती. उरलेली अर्धी आपल्या जागी पीळ देऊन ताठ उभी होती, आणि तिच्या शेजारी नुसता ओठ.

दादाने वस्तरा हवेतच धरला. समोर आरशात, मागच्या टीव्हीतल्या तळ्यावरचं धुकं हळूहळू विरत होतं आणि त्यातून होडीचं टोक बाहेर येत होतं. नेमकं आत्ताच यायचं होतं का तिला!

पहारेकऱ्याने कापडाखालून हात काढून ओठ चाचपला. "अहो, हे काय केलंत तुम्ही?"

"तुम्ही हललात."

"मी हललो? मला झोप लागली होती! दाढी करा म्हटलं, कल्ले सारखे करा म्हटलं. मिशीचं नाव तरी काढलं होतं का मी?"

"आता दुसरीही काढ," बारक्या आपल्या खुर्चीपाशी उभा राहून म्हणाला. "अर्धी घेऊन कसे जातील ते घरी?"

दुसरी काढावी लागली. मिशी गेल्यावर तो धिप्पाड माणूस एकदम कुणाच्या तरी शाळकरी भाच्यासारखा दिसायला लागला. त्याने आरशात स्वतःकडे पाहिलं आणि त्याचा आवाजच उतरला. "बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असतो मी. त्या बंदुकीत काही नसतं. लोक भितात ते मिशीला." एवढं बोलून तो निघून गेला. दादाला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण खरं सांगायचं तर दादाला मिशीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा संताप आला होता. दोन वर्षांनी सख्खा भाऊ आपल्याशी तोंड उघडून बोलला, आणि बोलला काय, तर 'दादा, मिशी'! दोन वर्षं वाट बघायची आणि शेवटी हे ऐकायचं! आणि त्यानंतर 'आता दुसरीही काढ'. याला काय बोलणं म्हणतात?

बारक्या म्हणजे नावाचा बारक्या. पन्नाशी ओलांडलेला, वजनाने दादाच्या दुप्पट. दोघांच्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी, समोर भिंतभर एकच आरसा. दुकान बापाने थाटलेलं. बापाचा फोटो खुर्च्यांच्या मागच्या भिंतीवर असायचा, म्हणजे काम करताना आरशात बघितलं की दोन्ही भावांच्या मधोमध बाप उभा दिसे. दादाला ते बरं वाटायचं. वस्तरा फिरवताना बाप बघतोय म्हटलं की हात आपोआप सांभाळून चालायचा.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दादा दुकानात आला, तर बाप आतल्या खोलीच्या दारावर सरकलेला आणि बापाच्या जागी टीव्ही. विचारणं नाही, पुसणं नाही. बारक्या स्टुलावर उभा राहून वायर ओढत होता.

"दुसरी भिंत नव्हती?" दादाने विचारलं.

"प्लग इथंच आहे ना."

"मग प्लगला नमस्कार कर रोज!"

त्यावर बारक्या काहीतरी बोलला, त्यावर दादा काहीतरी बोलला, आणि मग दोघांचं बोलणंच बंद झालं. दादाने भर दुकानात सगळ्यांसमोर सांगून टाकलं की त्या खोक्याकडे मी जन्मात तोंड करणार नाही. दादाचा स्वभाव असा की एकदा बोलला की मग स्वतःचंही ऐकायचा नाही.

तेव्हापासून दुकान गिऱ्हाइकांच्या तोंडून चालायला लागलं. "यांना सांगा, ब्लेडचं पाकीट संपलंय." गिऱ्हाईक बिचारं गळ्यापर्यंत कापडात गुंडाळलेलं, मान हलवायची सोय नाही, ते आरशात बघून सांगायचं, "दादा, पाकीट संपलंय म्हणतात." "त्यांना म्हणावं, डोळे आहेत मला." "डोळे आहेत म्हणतात." मधे चार फुटांचंही अंतर नाही आणि हा सगळा तमाशा. नवीन माणूस आला की त्याला वाटे दोघांपैकी एक बहिरा आहे. जुन्यांना सवय झाली होती.

आणि टीव्हीवर लागायचं काय, तर कार्टून! बातम्या नाहीत, मॅच नाही. बारक्याच्या मुलीने जपानी भाषा शिकून घेतली होती. तिकडचे जुने, हाताने एकेक चित्र काढून केलेले सिनेमे तिने जमवले, त्यांच्याखाली आपल्या भाषेत ओळी लिहिल्या आणि सगळं एका पेनड्राइव्हमध्ये भरून बापाला दिलं. नोकरीसाठी दूरच्या शहरात निघाली तेव्हा ती दुकानात आली होती. म्हणाली, "मोठे काका, खालच्या ओळी मी लिहिल्यात. वाचाल ना?"

"तुझ्या बापाला वाचायला सांग," दादा म्हणाला होता.

ती हसली होती. लहानपणापासून काकाला ओळखून होती पोर.

आता दादाने तोंड फिरवायचं नाही असं ठरवलं होतं, पण तोंडासमोर भिंतभर आरसा! डोळे मिटून वस्तरा चालवता येत नाही. गिऱ्हाइकाच्या कानामागून, डोक्यावरून, जिकडे बघावं तिकडे ती चित्रं. पहिले काही महिने दादा नुसता धुसफुसत होता. मोठमोठी माणसं, डोळे बशीएवढे, काय तो पोरखेळ! एका सिनेमात छत्र्या दुरुस्त करणारा एक लोखंडी माणूस होता आणि त्याला पावसात गंज चढायचा. "गंज चढतो तर बाहेर कशाला जातोस मेल्या?" दादा एकदा कुणाच्या तरी मानेवर पुटपुटला. गिऱ्हाईक दचकलं. दादा स्वतःवरच चिडला.

मग त्याचं लक्ष केसांकडे गेलं. त्या चित्रांत वारा सुटला की प्रत्येकाचे केस वेगळे उडायचे. म्हातारीचे विरळ केस आधी कानापासून सुटायचे, पोरीचे दाट केस गठ्ठ्याने उचलले जायचे, मग टोकं मागून यायची. अगदी असंच होतं. ज्याने आयुष्यभर केसच हातात धरलेत त्याला कळतं ते. कुणीतरी एवढ्यासाठी बसून शेकडो चित्रं काढली होती. दादाला त्या न बघितलेल्या माणसाविषयी एकदम आपलेपणा वाटला, आणि आपलेपणा वाटला याचा रागही आला.

त्यातला एक सिनेमा तर दादाच्या जिवात जाऊन बसला. मोठं तळं, या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेला दोर, आणि तो दोर हाताने ओढत होडी नेणारी एक म्हातारी. तिच्याकडे कुठूनतरी एक पोर येते आणि राहते. तळ्यात एक जनावर असतं, धड मासा नाही, धड मांजर नाही, ते उतारूंच्या टोप्या पळवतं. बस्स, एवढंच. त्यात एका जागी म्हातारी चुलीवर पाणी ठेवते आणि ते उकळेपर्यंत दोघी नुसत्या बसून राहतात. कुणी काही बोलत नाही. किटलीचं झाकण हळूहळू थडथडायला लागतं. पहिल्यांदा दादा वैतागला, 'अरे, पुढे चला की!' नंतर नंतर त्या झाकणाची तो वाट बघू लागला. ते थडथडलं की त्याच्या छातीत काहीतरी सैल व्हायचं. कुणाला सांगायची सोय नव्हती.

आणि ती म्हातारी डावखुरी होती. दादासारखी. डाव्या हाताने दोर ओढायची, डाव्या हाताने पोरीच्या केसांतून फणी फिरवायची. डाव्या हातात वस्तरा धरतो म्हणून दादाने लहानपणी बापाच्या टपल्या खाल्ल्या होत्या. सगळ्या जगाच्या कात्र्या उजव्या हाताच्या. म्हातारीने डावा हात दोराला घातला की दादाला वाटे, हिला विचारावं, बाई, तुलाही असाच त्रास झाला का गं?

दुकानात सगळेच सिनेमा आरशात बघायचे. वाट बघणारी माणसं भिंतीलगतच्या बाकावर बसायची, टीव्ही त्यांच्या डोक्यावर. खालच्या ओळी आरशात उलट्या दिसायच्या, कुणाला वाचता यायच्या नाहीत. पण बारक्याने घरी लेकीबरोबर बसून सगळे सिनेमे पाहिले होते. तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "आता ती पोर म्हणते, आजी, माझी टोपी गेली. म्हातारी म्हणते, डोकं आहे ना जागेवर? मग झालं." गिऱ्हाईक समोर बसलेलं, पण बारक्याचा आवाज चार खुर्च्यांपलीकडे जाईल एवढा. "आणि बघा, डावखुरी आहे. आमच्या दादासारखी." दरवेळी हे सांगायचाच. दादा ऐकू न आल्यासारखं करून वस्तरा चामड्यावर घासत राही. पण बारक्याचं बोलणं एखाद दिवशी कमी पडलं तर दादाचा तो दिवस वाईट जायचा.

शेवटाकडे मात्र बारक्याची हमखास माशी शिंकायची. पोर बोचकं बांधून काठावर उभी राहते, म्हातारीला काहीतरी म्हणते, म्हातारी काहीतरी बोलते, आणि पोर होडीत बसते. नेमकं त्याच वेळी बारक्याला गरम पाणी आणायचं सुचायचं, नाहीतर तो केस वाळवायचं यंत्र सुरू करायचा.

"काय म्हणाली हो ती?" एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"काय की. उलटं दिसतं ना, वाचता येत नाही."

सगळा सिनेमा याला तोंडपाठ आणि इथंच वाचता येत नाही! दादाला त्याचं डोकं धरून आरशावर आपटावंसं वाटलं. पण विचारणार कसा?

तर मिशीचं ते प्रकरण घडलं आणि दादाला वाटलं, चला, फुटलं एकदाचं तोंड. रात्रभर त्याने मनातल्या मनात वाक्य जुळवलं. सकाळी दुकान उघडून तो वाट बघत बसला. बारक्या आला, कापड झटकलं, पहिलं गिऱ्हाईक बसवलं आणि म्हणाला, "यांना सांगा, या महिन्याच्या शेवटी मी दुकान सोडतोय. पोरगी बोलावतेय. तिच्याकडे राहायला जातो."

गिऱ्हाईक होता गॅसची शेगडी दुरुस्त करणारा, भला माणूस. तो गोंधळून आरशात दोघांकडे बघत राहिला. "दादा… ते जातो म्हणतात."

दादाच्या मनातलं जुळवलेलं वाक्य तिथल्या तिथे विरघळलं. "त्यांना म्हणावं, दार उघडंच आहे."

"आता हे पण सांगू का?" शेगडीवाल्याने काकुळतीने विचारलं.

दुपारी घरी ताटावर बायकोने विषय काढलाच. तिला बातमी आधीच कळली होती. बारक्या येऊन सांगून गेला होता. वहिनीशी त्याचं बोलणं कधीच थांबलं नव्हतं.

"अहो, बायको गेल्यापासून एकटा असतो तो. इथं कुणी राहा म्हणणारं नाही, तिथं लेक ये म्हणते. जाईल नाही तर काय करेल?"

"जाऊ दे की. मी धरून ठेवलंय?"

"हेच तर! धरत का नाही? दोन वर्षं झाली. एका फोटोपायी! मामंजी असते तर दोघांचेही कान धरले असते."

"मी थोरला आहे."

"असाल. म्हणून जीभ काय त्याच्याकडे गहाण टाकलीय?" ती ताडकन उठून आत गेली. दादा ताटातलं नुसतं चिवडत बसला. बारक्याने जावं असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. त्या खुर्चीशिवाय, त्या आवाजाशिवाय दुकान म्हणजे काय, हे त्याला डोळ्यांपुढे आणवत नव्हतं. पण हे आपण होऊन बोलायचं कसं? हा गाढव एकदा नीट विचारत का नाही? विचारलं असतं तर सांगितलं असतं.

शेवटच्या दिवशी बारक्याने तोच तळ्याचा सिनेमा लावला. दिवसभर तो भराभर काम करत होता आणि जुन्या गिऱ्हाइकांचा निरोप घेत होता. संध्याकाळी दुकान रिकामं झालं. मधे निरोप पोचवायलाही कुणी उरलं नाही. बारक्याने आपल्या कात्र्या फडक्यात गुंडाळल्या, स्टूल ओढलं आणि टीव्हीखाली नेऊन ठेवलं.

"काढून ठेवतो हा. बापूंचा फोटो लावतो परत," तो भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाला.

"राहू दे," दादा म्हणाला.

बारक्याने स्टूल परत जागेवर ठेवलं. पिशवी उचलली. दारापर्यंत गेला, तिथून वळला.

"दादा, येतो मग."

तो तिथेच उभा राहिला. चांगला उभा राहिला. एवढा मोठा देह, दारातला सगळा उजेड त्याने अडवला होता. दादा खणात काहीतरी शोधत होता, डोकं वर काढत नव्हता.

"तुरटी कुठे ठेवलीस?" दादाने विचारलं.

बारक्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "खालच्या खणात आहे." आणि गेला.

सुट्टीच्या दिवशी दादा एकटाच दुकानात आला. बायकोला म्हणाला, टीव्ही उतरवतो आणि फोटो लावतो. आता कुणासाठी ठेवायचा तो डबा? स्टुलावर चढला, वायरला हात घातला, आणि त्याला वाटलं, उतरवण्याआधी एकदा बघू तरी. जन्मात तोंड करणार नाही म्हणालो होतो, पण ज्याच्यावर रुसून म्हणालो तोच नाही. त्याने टीव्ही सुरू केला. बारक्याची खुर्ची फिरवली आणि आरशाकडे पाठ करून तिच्यात बसला.

पहिल्यापासूनच सगळं चुकलेलं. म्हातारीची झोपडी भलत्याच बाजूला. काठावरचं वाकडं झाड भलतीकडे वाकलेलं. दादाला जिना चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं झालं. आणि मग म्हातारीने दोर धरला. उजव्या हाताने.

दादा पुढे सरकून बसला. तिने पोरीचे केस विंचरले, तेही उजव्या हाताने. किटली उचलली, उजव्या हाताने. चक्क उजव्या हाताची बाई! जगातल्या सगळ्या कात्र्या जिला चालतील अशी! इतके दिवस आपण आरशाला भुललो. आपलं सोडा, आपण मुद्दाम तोंड फिरवून बसलो होतो, पण बारक्याने तर घरी सरळ पाहिला होता. त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी रोज कुणाला ना कुणाला मोठ्याने सांगायचा, 'बघा, डावखुरी आहे, आमच्या दादासारखी.'

"लबाड लेकाचा," दादा म्हणाला. रिकाम्या दुकानात त्याचा आवाज त्यालाच कसातरी वाटला.

खाली पुतणीच्या ओळी येत होत्या. सुलट, स्वच्छ. पोरीने काय गोड लिहिलं होतं! 'डोकं आहे ना जागेवर? मग झालं.' बारक्या एक शब्द इकडचा तिकडे करत नव्हता. दादा एकेक ओळ वाचत गेला. किटलीचं झाकण थडथडलं, तेव्हा खाली एकही ओळ आली नाही.

मग तो शेवट आला. पोर बोचकं घेऊन काठावर उभी. वारा सुटलेला, तिचे दाट केस गठ्ठ्याने उचलले गेले, टोकं मागून आली. ती म्हातारीकडे बघून बोलली, आणि खाली ओळ उमटली.

'आजी, तू थांब म्हणालीस तर मी थांबेन.'

म्हातारी वाकून दोराची गाठ चाचपत होती. तिने वर बघितलं नाही.

'दोर वाळला का बघ,' ती म्हणाली.

पोर होडीत बसली. होडी धुक्यात गेली. सिनेमा संपला, पडद्यावर न वाचता येणारी जपानी अक्षरं सरकत राहिली, आणि दादा खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसून राहिला. त्याला भयंकर राग आला होता. म्हातारीचा, स्वतःचा, त्या जाड्या मूर्खाचा, जो दोन वर्षं बरोबर इथं येऊन गरम पाणी आणायला जायचा. अरे, सांगायचं होतंस! तू तरी सांगायचं होतंस! आणि मग त्याला दारात उभा राहिलेला बारक्या आठवला, पिशवी घेऊन, सगळा उजेड अडवून. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते खुर्चीवरच्या कापडाने पुसले. कापडाला अजून बारक्याच्या पावडरचा वास येत होता.

टीव्ही त्याने उतरवला नाही. खुर्ची मात्र फिरवून पुन्हा आरशाकडे केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलाच आला तो बँकेचा पहारेकरी. मिशी जेमतेम उगवली होती, पण पीळ द्यायचा प्रयत्न चालू होता. आधी दारात उभा राहून त्याने दादाकडे संशयाने बघितलं.

"हात लावणार नाही," दादा म्हणाला. "बसा."

तो बसला. दादाने त्याला कापड बांधलं, तोंडावर पाणी मारलं, वाटीत फेस केला. आरशात मागे टीव्ही बंद होता. शेजारची खुर्ची पुसून ठेवलेली होती. दादाने ब्रश उचलला आणि तसाच हातात धरून उभा राहिला.

"त्याला सांगा…" दादा म्हणाला.

"कुणाला?"

दादाने आरशातल्या त्या खुर्चीकडे पाहिलं. "त्याला सांगा, थांब म्हणावं."

पहारेकऱ्याने आरशात आधी दादाचं तोंड बघितलं, मग शेजारची खुर्ची बघितली. तो दुकानाचं जुनं गिऱ्हाईक होता.

"सांगतो," तो म्हणाला, आणि त्याने दाढीसाठी हनुवटी वर केली.

दादाने डाव्या हाताने फेस लावायला सुरुवात केली.